ब्याण्णव मिलिमीटरचं झाकण

"अडकलं! आत्या, हेसुद्धा अडकलं!"

भोंग्याने हे इतक्या मोठ्यांदा सांगितलं, की दारात उभ्या असलेल्या नर्सबाई दचकल्याच. सुट्टीला काकांकडे आलेल्या या अकरा वर्षांच्या मुलाला हळू बोलणं म्हणून ठाऊक नव्हतं. त्याचं घरातलं नाव उगाच पडलेलं नव्हतं! त्याच्या बहिणीने, म्हणजे फूटपट्टीने, त्याला कोपराने ढोसलं. ती तेरा वर्षांची, उंच, किडकिडीत, आणि दिसेल ती वस्तू मोजून बघणारी.

"गप की रे! गल्लीभर कशाला सांगतोस?"

पण लपवायला आता उरलं होतं काय? आत्याच्या हातात एक सागवानी पेटी होती. तिच्या सरकत्या झाकणावर एका डॉक्टरांचं नाव कोरलेलं, नावाखाली इवलासा स्टेथोस्कोप. अक्षरं अशी की बोट फिरवत राहावं! आणि ते झाकण निम्म्यावर येऊन ठप्प. आत्याने अंगठ्याने दाबलं, बाजूने टिचक्या मारल्या. झाकण काही हलेना.

"मागच्या सोमवारी लोण्यासारखं सरकत होतं. मी स्वतः पंधरा वेळा सरकवलं!" भोंगा म्हणाला.

"शनिवारी डॉक्टरांचा निरोप समारंभ आहे हो," नर्सबाई ओशाळून म्हणाल्या. "आमच्या सगळ्या वॉर्डातर्फे द्यायचीय. नसेल जमत तर तसं सांगा. मी दुकानातून काहीतरी..."

"जमेल," आत्या म्हणाली. "नवीन झाकण करते. शनिवारी सकाळी घेऊन जा."

नर्सबाई गेल्या आणि काका आले. जणू दाराआड उभेच होते.

"दोन महिन्यांत हे चौथं, ताई! डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुला नीट दिसत नाही, हे मान्य कर ना आता. हात चालत नाही, नजर चालत नाही, हट्ट तेवढा चालतो!" ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "रविवारी जुनं सामान घेणारा येतोय. टेबल, मशीन, सगळं बघून जाईल. माझी गाडी किती दिवस उन्हात तापवायची?"

आत्याने पेटी टेबलावर ठेवली. ती काकांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, याच घरात राहिली. घराशेजारच्या गॅरेजात वीस वर्षं तिचा कारखाना होता. नावाच्या पाट्या, पेनस्टँड, दागिन्यांच्या पेट्या, बाळाच्या जन्मतारखेचे चौकोन... ज्याच्यासाठी वस्तू, त्याचं नाव तिच्यावर. या घराच्या दारावरची पाटीही तिनेच कोरलेली. पाटीवर नावं तीन : काका, काकू आणि त्यांची मुलगी टाचणी. फूटपट्टीने ती पाटी दर सुट्टीत वाचली होती आणि त्यात काही खटकण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. मोजण्यात हुशार असलेल्या मुलीचं मोजणं असं कधीकधी चुकतं.

त्याच सोमवारी दुपारी आत्या नवीन झाकण कापायला बसली. फळीवर पेन्सिलने रेघ मारली, करवत टेकवली आणि क्षणभर थांबली. करवत रेघेवर आहे ना, हे तिने एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"दे इकडे, आत्या!" फूटपट्टीने तिच्या हातातून करवत घेतलीच. "मी कापते. तुला दिसत नाही ना!"

बोलली ती चांगल्या मनाने. पण चांगल्या मनाने बोललेलंही लागायचं तिथे लागतंच. आत्याने हात मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "काप."

फूटपट्टीने कापलं. रेघ सोडून चांगलं दोन मिलिमीटर आत! फळी वाया गेली. आत्याने दुसरी घेतली, आणि या वेळी स्वतः कापली. रेघ अर्धी इकडे, अर्धी तिकडे. केस ठेवायलाही जागा नाही.

फूटपट्टी बघतच राहिली. ज्या बाईला दिसत नाही, तिला पेन्सिलीची रेघ मधोमध चिरता कशी येते?

*

"सभा भरली आहे!" जिन्याखाली बसताच भोंगा ओरडला.

"सभा गुप्त असते, गाढवा," टाचणी म्हणाली. ती दहा वर्षांची, आकाराने सगळ्यांत लहान आणि बोलायला सगळ्यांत टोकदार. तिचं नाव तिला शोभत होतं.

फूटपट्टीने अडकलेलं झाकण पेटीतून ठोकून बाहेर काढलं होतं. तिने ते उलटं केलं. "हे बघा. आत्या प्रत्येक झाकणाखाली माप लिहून ठेवते. लांबी एकशे साठ, रुंदी ब्याण्णव. आता मी मोजते." तिने पट्टी लावली. "लांबी एकशे साठ. बरोबर! रुंदी... चौऱ्याण्णव!"

"म्हणजे चुकलीच की ती!" भोंगा म्हणाला.

"चुकली असती तर झाकण पहिल्यांदा खाचेत गेलंच नसतं! तू पंधरा वेळा सरकवलंस ना?"

भोंग्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे... झाकण नंतर जाडं झालं? आपल्या काकांसारखं?"

हसू आवरत तिघं कारखान्यात धावली. आत्या नवीन झाकणावर पॉलिश पेपर घासत होती.

"आत्या, लाकूड फुगतं का गं?"

"ओल लागली तर फुगतं. पण सगळीकडून नाही. लाकडातल्या रेषा ज्या दिशेने जातात त्या दिशेने वाढत नाही, आडवं वाढतं."

"म्हणजे लांबी तेवढीच, रुंदी जास्त!" फूटपट्टी ओरडली. चक्क भोंग्यापेक्षा मोठ्यांदा. "आत्या, तुझी मापं बरोबर होती! तुझ्या पेट्या ओलीने फुगतायत!"

आत्याने हात थांबवला नाही. "मलाही पहिल्यांदा तेच वाटलं होतं, पोरी. तयार झालेली वस्तू मी लगेच देत नाही, माहीत आहे ना? आठ दिवस मुरू देते. पूर्वी इथल्या लोखंडी कपाटात ठेवायचे. दोन महिन्यांपूर्वी तुझ्या काकाने त्यात ऑफिसच्या फायली भरल्या, म्हणून अडगळीच्या खोलीतल्या फळीवर ठेवायला लागले. पहिलं झाकण अडकलं तेव्हा तिथली भिंत हाताने चाचपून पाहिली. कोरडी ठाक. तुझ्या काकाला विचारलं, बाबा रे, या भिंतीला ओल येते का? तो म्हणाला, 'ओल? छे! काहीतरीच!' मग चूक माझीच ना? ब्याण्णव लिहिलं असेल आणि चौऱ्याण्णव कापलं असेल. म्हणून हल्ली पंधरा-पंधरा दिवस ठेवते. लाकूड नीट मुरलं तर चूक आधीच कळेल, गिऱ्हाइकाच्या दारात नाही. तरी कळतच नाही. नर्सबाईंच्या कामाला तर आठच दिवस मिळाले."

हे ऐकताना टाचणी एकदम गप्प झाली. नखाने टेबलाचा कोपरा खरवडत राहिली. कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही, आणि तिथेच सगळं चुकलं.

फूटपट्टीचं डोकं भराभर चालू होतं. तिने आत्याकडून एका फळीतून दोन पातळ तुकडे कापून घेतले. दोन्ही ब्याण्णव मिलिमीटर रुंद, सख्खे जुळे! एक तिने माळ्यावर आपल्या बॅगेत ठेवला. आत्याने नवीन झाकणावर नाव कोरून नर्सबाईंची पेटी मुरायला ठेवली, तेव्हा दुसरा तुकडा अडगळीच्या खोलीत, फळीवर, त्या पेटीच्या मागे लपवला. फळीमागच्या भिंतीवर विटांचं चित्र असलेला चकचकीत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला होता. तिने हात लावून पाहिला. कोरडा ठाक!

"शनिवारी मोजायचे," ती म्हणाली. "तोवर कुणी हात लावायचा नाही."

"आणि तोवर पेटीपण तिथेच?" भोंग्याने विचारलं. "तीपण फुगली तर?"

"भिंत कोरडी आहे रे. कशाने फुगेल? आणि न मुरलेली वस्तू आत्या कुणाला देईल का?"

भोंगा गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने ओरडायला हवं होतं.

*

शनिवारी सकाळी आत्याने फळीवरून पेटी काढली. झाकण सरकवलं. निम्म्यावर ठप्प!

तिने पेटी काखेत मारली. स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. "नर्सबाई, दुकानातून काहीतरी घेऊन टाका. माझ्याच्याने नाही होत आता." मग काकांना म्हणाली, "उद्या येऊ दे तुझ्या माणसाला." आणि कारखान्यात जाऊन कोरायच्या पटाश्या एकेक करून फडक्यात गुंडाळायला लागली.

इकडे फूटपट्टीने दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. बॅगेतला ब्याण्णव. फळीवरचा साडेत्र्याण्णव. डोळ्यांनाही फरक दिसत होता.

"सापडलं! ओल तिथेच आहे!" भोंगा नाचला. "पण भिंत तर कोरडी... टाचणे, अगं, रडतेस कशाला?"

टाचणी हुंदके देत होती. "भिंत कोरडी नाहीये. तो कागद कोरडा आहे. त्याच्यामागे..."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर. तिथल्या वॉशिंग मशीनचा पाइप गळायला लागला, तेव्हा काका म्हणाले होते, "प्लंबर कशाला? हे काय, पाच मिनिटांचं काम!" पाच मिनिटांचं काम त्यांनी दोन तास केलं आणि पाणी भिंतीत सोडलं. अडगळीच्या खोलीत भिंत काळी पडली, पोपडे धरले. काकूंना कळलं तर खैर नाही, म्हणून काकांनी वर विटांचा कागद चिकटवून टाकला. स्टूल धरायला टाचणी होती.

"बाबा म्हणाले, आईला सांगायचं नाही. आपलं दोघांचं गुपित. मला रंगांची मोठी पेटीपण दिली."

"आणि आत्याने विचारलं तेव्हा काका म्हणाले, छे, काहीतरीच!" फूटपट्टी म्हणाली. "तुला सोमवारीच कळलं होतं ना? सोमवारी सांगितलं असतंस तर पेटी आज डॉक्टरांच्या हातात असती!"

"माझे बाबा आहेत ते!" टाचणी किंचाळली. "तुझे असते तर तू सांगितलं असतंस?"

 फूटपट्टीला आत्याच्या हातातून ओढून घेतलेली करवत आठवली. 

शेवटी टाचणीने फ्रॉकच्या बाहीला नाक पुसलं. "उद्या मीच सांगते. सगळ्यांसमोर. पण बाबांना आधी कळलं तर ते आज रात्रीत दुसरा कागद लावतील. तेव्हा तुम्ही दोघांनी तोंडं मिटून ठेवायची. विशेषतः तू, भोंग्या!"

भोंग्याने खरोखरच दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि मान डोलावली.

*

रविवारी सामानवाला आला. पोट सुटलेला, खिशाला दोन पेनं लावलेला माणूस. तो आत्याच्या टेबलावर थाप मारून बघत होता, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी. आत्या कोपऱ्यात उभी होती.

"काका, अडगळीच्या खोलीतपण लाकूड आहे. तेही दाखवा ना यांना," फूटपट्टी अगदी साळसूदपणे म्हणाली.

"अरे हो! बरं आठवलंस." काका खूश होऊन पुढे निघाले. मागे सामानवाला, मागे आत्या. तेवढ्यात काकूही कपड्यांची रिकामी बादली घेऊन न्हाणीघरातून बाहेर आल्या. भोंगा गेली दहा मिनिटं त्यांच्यामागे लागला होता : "काकू, मशीन लावा ना, मला माझी निळी चड्डी आजच्या आज हवी!" मशीन पलीकडे घरघरत होतं.

फूटपट्टीने दोन्ही तुकडे काकांपुढे धरले. "काका, हे एकाच फळीतले. सोमवारी दोन्ही ब्याण्णव. आता मोजा."

"हे काय मध्येच?"

"मोजा तरी!"

सामानवाल्यालाच राहवलं नाही. त्याने खिशातून टेप काढली, मोजलं आणि म्हणाला, "हा दीड मिलिमीटर जास्त भरतोय, साहेब. ओलीत होता का हा?"

"इथे कुठली ओल!" काका म्हणाले. "भिंत बघा ना, कशी खणखणीत..."

चर्रर्र! टाचणीने स्टुलावर चढून कागदाचं वरचं टोक धरलं होतं. तिने सगळा जोर लावून ते खाली ओढलं. खोट्या विटा लोंबत खाली आल्या, आणि मागची खरी भिंत दिसली. काळीकुट्ट, फुगलेली, बुरशी धरलेली. मशीनने त्याच वेळी पाणी सोडलं आणि भिंतीतून एक बारीक धार निघून आत्याच्या फळीवर टपटपायला लागली.

"बाबांनी पाइप लावला तेव्हापासून आहे हे," टाचणी म्हणाली. तिचा आवाज आता स्थिर होता. "आत्याने विचारलं तेव्हाही होतं."

काकू भिंतीकडे बघत राहिल्या, मग काकांकडे. "पाच मिनिटांचं काम, नाही का?" त्या एवढंच म्हणाल्या. पण अशा आवाजात, की सामानवाला दोन पावलं मागे सरकला.

"अगं, मला काय माहीत, त्याचा लाकडाशी संबंध असेल!" काका घाम पुसत म्हणाले.

"ताईंनी तुम्हाला विचारलं होतं!"

"मला वाटलं, ती सहज विचारतेय..."

सामानवाला जायला निघाला. "हे टेबल विकू नका, बाई," जाताजाता तो आत्याला म्हणाला. "असं आता कुणी करत नाही." घरातल्या कुणाच्याही आधी हे त्याला सुचलं, हे विशेष.

मग मात्र कौतुकाला नुसता ऊत आला. काकूंनी तिघांच्या तोंडावरून हात फिरवला. गावाकडून फूटपट्टीच्या वडिलांचा फोन आला, "शाब्बास! माझी पोरं पक्की डिटेक्टिव्ह निघाली!" शेजारच्या मास्तरांनी भोंग्याच्या पाठीवर थाप मारली आणि भोंगा तीच गोष्ट चौथ्यांदा सांगायला लागला. काकांनीही सावरून घेतलं. "काय कार्टी हुशार आहेत! बरं झालं बुवा. ताई, तुझे डोळे एकदम ठणठणीत! आता कर हवं तेवढं काम!" जसे काही ते डोळे त्यांनीच दुरुस्त करून दिले होते.

चुकलो, असं कुणी म्हणालं नाही. फूटपट्टीने नीट लक्ष ठेवून ऐकलं. एकदाही नाही.

*

आत्या कारखान्यात होती. पटाश्या फडक्यातून बाहेर निघाल्या होत्या. तिने डॉक्टरांच्या नावाचं झाकण टेबलाला आवळलं होतं आणि त्यावर रंधा चालवत होती. सरर्र, सरर्र. नाव पातळ सालींतून निघून चाललं होतं.

"आत्या, अगं, ते वाळलं की बसेल ना बरोबर!"

"बसेल. पण देणार कुणाला? समारंभ काल झाला. दुसऱ्याच्या नावाची पेटी कुणी घेत नाही." तिने भुसा फुंकला. "नर्सबाईंनी काचेचा घोडा दिला म्हणे."

फूटपट्टी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहिली. "मीपण म्हटलं होतं. तुला दिसत नाही म्हणून. आणि करवत ओढून घेतली."

"हो. तूही."

'असू दे गं' असं काही आत्या म्हणाली नाही. फूटपट्टीला ती म्हणावी असं फार वाटत होतं.

"तुला गंमत सांगू?" थोड्या वेळाने आत्या म्हणाली. "दोन महिने मी रोज सकाळी फाटकापाशी उभी राहून दारावरची पाटी वाचत होते. डोळे खरंच गेलेत का ते बघायला. सगळी अक्षरं स्वच्छ दिसायची. माझं नाव त्यात नाही, हेसुद्धा दिसायचं. तरी मी तुमचंच खरं मानलं. स्वतःच्या डोळ्यांवर नाही ठेवला विश्वास. ती चूक काही तुझ्या काकाची नव्हे. ती माझी."

फूटपट्टी बाहेर गेली. परत आली तेव्हा मागे भोंगा आणि टाचणी होती, आणि हातात तो कोरडा तुकडा. ब्याण्णव मिलिमीटर.

"आम्ही यावर तुझं नाव कोरणार आहोत," ती म्हणाली. "दारावर लावायला."

भोंग्याने डोकं खाजवलं. आणि खरोखर हळू आवाजात विचारलं, "आत्याचं नाव काय आहे गं?"

टाचणी त्याच्याकडे रागाने बघायला लागली आणि मध्येच थांबली. आत्याला सही करताना तिने पाहिलं होतं, पण आडनावच तेवढं आठवत होतं! शेवटी आत्यानेच पेन्सिल घेतली आणि तुकड्यावर आपलं नाव लिहिलं. चार अक्षरं.

दोन दिवस तिघं कोरत होती. पहिलं अक्षर भोंग्याने फार खोल कोरलं. दुसरं बरं झालं. तिसऱ्याचा काना टाचणीच्या हातून वाकडा गेला. आत्या शेजारी स्टुलावर बसून बघत होती. पटाशी निसटायची, लाकडाचा टवका उडायचा, तिचा हात पुढे यायचा आणि परत मांडीवर जायचा. दोन दिवसांत ती एकदाही 'दे इकडे' म्हणाली नाही.

पाटी झाली. भोंगा खिळे आणि हातोडी घेऊन दाराकडे पळाला.

"थांब!" आत्या म्हणाली. "आठ दिवस मुरायला हवी."

"पण आम्ही उद्या जाणार!"

"मग जा. पाटी काही तुमच्या सुट्टीवर आलेली नाही." तिने लोखंडी कपाट उघडलं, काकांच्या फायलींचे गठ्ठे एकेक करून बाहेर जमिनीवर ठेवले, आणि रिकाम्या झालेल्या कप्प्यात पाटी ठेवली. फुगलेला तुकडा तिने टेबलासमोर भिंतीवर ठोकला. काका आत आले की नेमका डोळ्यांपुढे येईल, असा.

"आठ दिवसांनी लावेल कोण?" भोंग्याने विचारलं.

"मी," टाचणी म्हणाली. "स्टूल बाबा धरतील."